चॅनल चारवरचा पंधरावा आवाज

‘गेट तीनवर माणूस न्हाई. गेट तीनवर माणूस पाठवा.’

वॉकीटॉकीवर हा आवाज आला तेव्हा मी टाइम ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. रविवार होता, सकाळचे साडेअकरा. खाली मैदानात पाच-सहा हजार माणसं होती. आकाशपाळणा फिरत होता, स्टेजवर कुणाच्या तरी मुलींचा डान्स चालू होता आणि पोह्याच्या स्टॉलसमोरची रांग कॅन्टीनच्या भिंतीपर्यंत पोचली होती.

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात. मी तिथे अॅडमिन मॅनेजर होते. अॅडमिन म्हणजे बस, कॅन्टीन, सिक्युरिटी, साफसफाई आणि जे काम दुसऱ्या कुठल्याच खात्याचं नाही ते. वर्षातून एका रविवारी फॅमिली डे असायचा. त्या दिवशी मशीन बंद ठेवून कामगारांनी बायकापोरांना, आईवडिलांना कंपनी दाखवायची. लोकांना तो एक दिवस दिसायचा. आम्ही त्यासाठी तीन महिने राबायचो, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी मी कार्यक्रमातलं काहीच बघत नसे. मी कंट्रोलला बसायचे आणि ऐकायचे.

माझ्याकडे चौदा वॉकीटॉकी होत्या. आम्ही त्यांना नुसतं ‘सेट’ म्हणायचो. सेटचा नियम साधा असतो. एकाने बटण दाबलं की तो बोलणार आणि बाकीचे सगळे फक्त ऐकणार. त्याने बटण सोडल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नाही. म्हणून आधी आपली जागा सांगायची, मग काम सांगायचं, आणि गप्प बसायचं. दरवर्षी आम्ही सेट भाड्याने आणायचो. त्या वर्षी ते वेळेवर मिळाले नाहीत, म्हणून स्टोअरमधले कंपनीचे जुनेच सेट काढून चार्ज केले आणि चॅनल चारवर लावले.

‘कोण बोलतंय? जागा सांगा,’ मी म्हणाले.

उत्तर आलं नाही. मी जाधवांना विचारलं. जाधव आमचे सिक्युरिटी ऑफिसर. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे लातूरकडचे. ते मैदानात होते.

‘मॅडम, मी नाही. पण गेट तीन बघून येतो.’

दोन मिनिटांनी ते परत बोलले. गेट तीनवर खरंच कुणी नव्हतं. गार्ड चहाला गेला होता, बाहेर दोन बस रिकाम्या झाल्या होत्या आणि माणसं अर्ध्या उघड्या फाटकातून एकमेकांना ढकलत आत येत होती. एक आजी पडता पडता वाचल्या होत्या.

‘ज्याने कळवलं त्याला थँक्यू सांगा,’ मी म्हणाले.

‘सांगतो. पण कळवलं कुणी?’

मी हजेरी घेतली. एक नंबर माझाच होता. दोन ते चौदा, प्रत्येक सेटचा नंबर पुकारला. तेराही जणांनी ‘हजर’ म्हटलं. मी प्रत्येकाला विचारलं, गेट तीनचा निरोप कुणी दिला? कुणीच दिला नव्हता. चौदावा बोलून थांबला आणि लगेच तोच आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, जरासा घोगरा, पण अगदी शांत.

‘मोरे, ऐकतोयस का?’ मग थोडा वेळ खरखर. मग, ‘व्हय. बरं. तिथंच थांब.’

आमच्या चौदा जणांत मोरे नावाचं कुणी नव्हतं. आणि त्याला कुणी उत्तरही दिलेलं नव्हतं. तो मात्र उत्तर ऐकून बोलल्यासारखा बोलत होता.

मी खिडकीतून समोरच्या इमारतींच्या गच्च्या बघितल्या. स्वच्छ ऊन होतं. गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आणि एक-दोन ठिकाणी वाळत घातलेले कपडे, एवढंच.

पाऊण तास असाच गेला. मधूनमधून तो बोलायचा. ‘बँडवाल्यास्नी उभं करा, पाव्हण्यांची गाडी यायची येळ झाली,’ असं तो म्हणाला आणि दहाच मिनिटांत प्रमुख पाहुण्यांची गाडी मेन गेटमधून आत आली. मेन गेटच्या गार्डनेच मला विचारलं, ‘मॅडम, आपल्याला वरून कुणी बघतंय का?’ त्याने हसत हसत विचारलं होतं, पण त्यानंतर सेटवरची थट्टामस्करी बंद झाली. पोरं कामापुरतंच बोलायला लागली. मलाही खिडकीकडे पाठ करून बसावंसं वाटेना.

प्लांट हेड वर आले. त्यांच्या खिशातल्या सेटवर त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

‘कौन है ये आदमी?’

‘माहीत नाही सर. शोधतोय.’

‘चॅनल बदला ना.’

‘सेटवरून नवा चॅनल सांगितला तर तोही ऐकेल. एकेका माणसाला जाऊन सांगावं लागेल. फोन लागत नाहीयेत, गर्दीमुळे नेटवर्क गेलंय. जेवणाच्या वेळेला बदलते.’

‘माझं भाषण साडेबाराला आहे. त्यात हा नको,’ एवढं बोलून ते गेले.

साडेबाराला भाषण सुरू झालं, आणि पाचच मिनिटांत तो पुन्हा बोलला. या वेळी आवाजातला शांतपणा गेला होता.

‘लाल फ्रॉकातली पोरगी. चार वर्साची. कुणाला दिसली का? सगळ्यांनी बघा. लाल फ्रॉक.’

मी हेल्प डेस्कला विचारलं. हरवलेल्या मुलांसाठी आम्ही खास टेबल लावायचो. तिथल्या मुलीने सांगितलं की सकाळपासून तीन मुलं आली, तिन्ही आईबापांकडे गेली. मुलगी हरवल्याची तक्रार नाही.

‘मोरे, टाकीकडं बघ. जाळी उघडी हाय. टाकीकडं बघ, मोरे.’

टाकी म्हणजे कुठली, हे मला विचारावं लागलं नाही. कंपनीत टाकी म्हणजे ईटीपीची टाकी. कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी जिथे साफ करतात ती जागा. कॅन्टीनच्या मागे, दहा फूट खोल. तिच्याभोवती जाळीचं कुंपण आणि कुलूप असतं. आदल्या संध्याकाळी ते कुलूप मी स्वतः ओढून बघितलं होतं.

जाधव सेटवर आले. ‘मॅडम, मुलगी हरवल्याची कंप्लेंट हाय का?’

‘नाही.’

‘मग हे कोण बोलायलंय? कुणीतरी चेष्टा करायलंय. स्टेजपाशी गर्दी हाय, इथून माणसं हलवू का नको?’

 न हरवलेल्या मुलीसाठी माणसं हलवायची आणि स्टेजपुढे काही झालं, तर जबाबदारी माझी. पण गेट तीनचं त्याने खरं सांगितलं होतं.

‘दोघांना घेऊन टाकीकडे या. मी पण येते.’

कॅन्टीनला वळसा घातला की मैदानाचा आवाज एकदम बसतो. इमारत मध्ये येते. स्पीकर ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. एरवी टाकीत हवा सोडणाऱ्या मोटरी चालू असतात आणि पाणी सतत उकळल्यासारखं दिसतं. त्या दिवशी मोटरी बंद होत्या. पाणी काळं आणि अगदी निवांत होतं. कडेला भुरकट फेस साचला होता.

जाळीचं दार उघडं होतं. तारेने मागे बांधून ठेवलेलं. त्यातून मांडववाल्याची जाड काळी केबल आत गेली होती, पलीकडच्या विजेच्या पॅनेलपर्यंत.

टाकीच्या कठड्यावर तीन मुलं होती. सगळ्यांना आम्हीच वाटलेल्या पिवळ्या टोप्या. एकाची टोपी पाण्यात पडली होती आणि ती काढायला तो कठड्यावर पालथा झोपून काठी फिरवत होता. दुसऱ्याने त्याचा एक पाय धरला होता. तिसरी एक छोटी मुलगी, ती नुसती बघत होती. तिच्या अंगात निळा ड्रेस होता.

जाधव पळाले नाहीत. आवाजही केला नाही. मांजरासारखे गेले आणि त्या मुलाची कंबर धरून त्याला उचललं. मग तो रडला.

त्याच वेळी माझ्या हातातला सेट बोलला.

‘मोरे, दिसली का? पाण्यात बघ.’

 दुपारचं ऊन डोक्यावर होतं. मी बटण दाबलं.

‘मी कंट्रोल बोलतेय. मोरे नाही. इथे तीन मुलं होती, बाहेर काढली. लाल फ्रॉक कुणाच्याच अंगात नाही.’

मी बटण सोडलं, आणि पहिल्यांदाच त्याने मला उत्तर दिलं.

‘मंग ती कुठं हाय?’

मी त्या मुलांना विचारलं, ‘तुमच्याबरोबर अजून कुणी होतं का? लाल फ्रॉकातली?’

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. पालथा झोपलेला मुलगा हुंदके देत म्हणाला, ‘माहीत नाही.’

नाही म्हणाला असता तर मी तिथून निघाले असते. माहीत नाही म्हटल्यावर निघता येईना. मी मेंटेनन्सच्या कदमांना बोलावलं. ते जुने फिटर, कंपनी सुरू झाल्यापासूनचे. ते लांब बांबू आणि आकडे घेऊन आले, बरोबर ईटीपीचा ऑपरेटर. मी माइकवरून घोषणा करायला लावली की सर्व पालकांनी आपली मुलं जवळ आहेत का ते बघावं. कुणीही आलं नाही. आणि आम्ही मात्र, कुणाचीच न हरवलेली मुलगी, त्या काळ्या पाण्यात बांबूने शोधत होतो. पलीकडे टाळ्या वाजत होत्या. बांबू तळाला टेकला की कदम थांबायचे, हाताने अंदाज घ्यायचे आणि मान हलवायचे. मग एक पाऊल पुढे. पुन्हा बांबू.

अर्ध्या टाकीपर्यंत आल्यावर सेट पुन्हा बोलला. ‘मोरे, कडंकडंनं बघ. गाळात बघ.’

कदमांच्या हातातला बांबू थांबला. तोवर त्यांनी तो आवाज ऐकलेला नव्हता, त्यांच्याकडे सेट नव्हता.

‘मॅडम, हे येळवंडे मामा आहेत.’

‘कोण?’

‘आपले जुने सिक्युरिटी सुपरवायझर. निघोज्याचे. मोरे त्यांच्या हाताखाली होता, तो गावाला गेला त्याला दहा वर्षं झाली.’ मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘पण मामा गेले ना. मागच्या वर्षीच गेले.’

 ऑपरेटरने पाण्यातून बांबू वर काढून घेतला.

‘आणि लाल फ्रॉकातली मुलगी?’ मी विचारलं.

‘ती एकदा फॅमिली डेला हरवली होती. बारा-तेरा वर्षं झाली. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. सापडली म्हणतात.’

‘म्हणतात म्हणजे?’

‘म्हणजे मी बघितलेलं नाही, मॅडम.’

उरलेली टाकी आम्ही बघितली. काही नव्हतं. दार बंद केलं, केबल काढायला लावली, तिथे एक गार्ड उभा केला. मग मी जाधवांच्या हाती कंट्रोल दिला आणि कदमांना घेऊन जीपने येळवंडे मामांच्या घराकडे निघाले. निघोजे कंपनीपासून पाच-सात मिनिटांवर. सेट माझ्या मांडीवर होता. आम्ही जसजसे पुढे जात होतो तसतशी खरखर कमी होत होती. शेवटच्या वळणावर आवाज इतका स्वच्छ झाला की त्याचा श्वास ऐकू येत होता. 

दार एका बाईने उघडलं. तिशी-पस्तिशीची असेल. तिने माझ्या गळ्यातलं आयकार्ड बघितलं, हातातला सेट बघितला आणि डोक्याला हात लावला.

‘अगं बाई. आज तुमाला ऐकू गेलं व्हय?’

ती मामांची सून, शोभा. मामा जिवंत होते. मागच्या वर्षी त्या घरात मयत झाली होती ती मामींची, आणि कदमांपर्यंत निरोप पोचेपर्यंत त्यात माणूस बदलला होता.

गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत मामा बसले होते. अंगात कंपनीचा जुना खाकी शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेला. हातात सेट. कंपनी तिथून दिसतच नव्हती. मध्ये एक मोठं गोडाउन उभं राहिलं होतं, नुसता निळा पत्रा. फक्त स्पीकरचा आवाज येत होता.

शोभाने हळू आवाजात सांगितलं. सेट त्यांच्या निवृत्तीपासून घरीच होता. कुणी परत मागितला नव्हता. गेली चार वर्षं त्यांना विसरायचा आजार होता. माणसं ओळखत नसत, जेवल्याचं लक्षात राहत नसे. पण वर्षातून एकदा कंपनीतला बँड वाजला की ते शर्ट मागायचे, सेट चार्ज करून घ्यायचे आणि इथे येऊन बसायचे. साडेअकराला गेट तीनचा गार्ड चहाला जातो, पाहुणे बाराच्या पुढे येतात, हे सगळं त्यांच्या डोक्यात त्या एका वर्षासारखं चालू व्हायचं. आणि भाषण सुरू झालं की ती मुलगी हरवायची.

‘दरवर्षी?’ मी विचारलं.

‘दरवर्षी. सांच्यापातूर हुडकत्यात. कुणीच बोलत न्हाई म्हून लई तरास करून घेत्यात.’

दरवर्षी आमचे भाड्याचे सेट वेगळ्या चॅनलवर असायचे. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस रिकाम्या चॅनलवर हाका मारत होता. आज पहिल्यांदा त्याला पलीकडून कुणीतरी उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर होतं की मुलगी तिथे नाही.

‘ती मुलगी सापडली होती का?’

‘सापडली की. बसमधी मागच्या सीटवर झोपली हुती. मामांनीच हुडकली. आता कालेजात जाती. मामा रिटायर झाले तवा पेढे घेऊन आलती. पर सापडल्याचं काय बी ध्यानात न्हाई त्यांच्या. हुडकल्याचंच हाय तेवढं.’

मी मामांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली.

‘कोण?’

‘कंट्रोल, मामा. रिपोर्ट द्यायला आलेय. लाल फ्रॉकातली मुलगी सापडली. बसमध्ये झोपली होती. आईच्या ताब्यात दिली.’

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. डोळे अगदी सावध होते. सिक्युरिटीतला जुना माणूस खोटा गेटपास बघतो तसे.

‘कुणी हुडकली?’

‘तुम्हीच.’

‘खोटं बोलू नका, मॅडम,’ ते म्हणाले. ‘मी तर हितंच हाय.’

आणि त्यांनी बटण दाबलं. माझ्या हातातला सेट त्यांच्याच आवाजात बोलला, ‘मोरे, दिसली का?’

सेट काढून घेणं सोपं होतं. कदम तसं म्हणालेही. शोभा म्हणाली, ‘काढून घेतला तर उठून कंपनीत याला निघत्यात. दोनदा हायवेवरनं आणलंय त्यांना.’ मी सेट तिथेच ठेवला. परत आल्यावर माणसं पाठवून सगळ्यांचे सेट चॅनल सहावर घेतले आणि एक सेट चारवर लावून माझ्यापुढे ठेवला. संध्याकाळी पाचपर्यंत कार्यक्रम सहावर चालला आणि चारवर मी मोरे झाले. ‘मामा, पार्किंग बघितलं, नाही.’ ‘मामा, कॅन्टीन बघितलं, नाही.’ ते पुढची जागा सांगायचे. मी त्यांना बसकडे न्यायचा प्रयत्न करत होते, पण सुचवलेलं त्यांना चालत नसे. ते क्रमानेच जात. पावणेपाचला त्यांनी स्वतःहून विचारलं, ‘बसगाड्या बघितल्या का?’

‘बघितल्या, मामा. सात नंबरच्या बसमध्ये, मागच्या सीटवर आहे. झोपलीय.’

 ‘उठवू नको. आईला बोलव,’ ते म्हणाले, आणि सेट बंद झाला.

त्या बसचा नंबर मला कुणी सांगितलेला नव्हता. तोंडाला आला तो मी बोलले. पुढे शोभाशी फोनवर बोलताना कळलं की तेव्हाही सातच होता. योगायोग असणार. आमच्याकडे बस फक्त अकरा होत्या. तरी तो फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ दिवा न लावता तशीच बसून राहिले होते.

सोमवारी मी रेकॉर्ड रूममधून त्या जुन्या वर्षाची फाइल काढली. मुलगी हरवल्याचा एक शब्द नव्हता. मुलगी सापडली होती, म्हणून लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटच्या पानावर होतं, ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला.’ मग मी मांडववाल्याला बोलावलं आणि जाळीचं दार का उघडलं ते विचारलं. त्याला प्रश्नच कळेना.

‘मॅडम, पहिल्या वर्षापासून केबल तिथूनच नेतो. रविवारी सकाळी दार उघडून देतात. तुमच्या लेआउटमध्येच आहे ते.’

मी लेआउट बघितला. होतं. आधीच्या तेरा वर्षांच्या तेरा लेआउटमध्ये होतं, आणि यंदाच्या चौदाव्यातही, माझ्या सहीनिशी.

प्लांट हेडना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘ती टोपीवाली मुलं कुणाची होती?’ मी नावं सांगितली. त्यातला एक त्यांच्याच ड्रायव्हरचा मुलगा होता. पुढच्या महिन्यात मैदानाच्या कडेला कायमचं पॅनेल बसलं आणि ते जाळीचं दार वेल्डिंग करून बंद झालं.

वार्षिक कार्यक्रमाचं नियोजन म्हणजे बहुतेक वेळा मागच्या वर्षीची फाइल उघडून तारीख बदलणं. त्यात मेनू येतो, बसचे रूट येतात, पाहुण्यांच्या खुर्च्यांची संख्या येते. आणि जी चूक कुणी लिहिली नाही ती सगळ्यात सुखरूप पुढे येते, कारण न लिहिलेलं खोडता येत नाही. निवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी कार्यक्रम झाल्यावरच्या शेवटच्या मीटिंगला एकच जास्तीचा प्रश्न विचारत असे, यंदा काय होता होता राहिलं? पहिली दोन वर्षं सगळे गप्प बसले. तिसऱ्या वर्षी आकाशपाळणेवाला बोलला, आणि ती मीटिंग चार तास चालली.